थैली कोणाची आणि उघडावयाची केव्हां?

अर्थशास्त्राचा ग्रंथ परीक्षणास घेतला कीं वाङ्मयाच्या मासिकाचा वाचक पानें उलटूं लागतो, हा आमचा नेहमींचा अनुभव आहे. आणि त्यांत वाचकाचा दोष फारसा नाहीं. असले ग्रंथ बहुधा आंकड्यांच्या रानांत शिरतात आणि ज्या मनुष्यासाठीं ते आंकडे मांडावयाचे त्यालाच वाटेंत विसरून जातात. तरीहि आज आम्ही एक जुना, आंकड्यांनीं भरलेला ग्रंथ पुढें घेऊन बसलों आहों. डॉ. भीमराव रामजी आंबेडकर यांचा ब्रिटिश हिंदुस्थानांतील प्रांतिक जमाखर्चाच्या उत्क्रांतीवरील इंग्रजी ग्रंथ १९२५ सालीं लंडन येथें प्रसिद्ध झाला. त्याला आतां शंभर वर्षें होऊन गेलीं. ज्या राज्यव्यवस्थेचें त्यांत विवेचन आहे ती व्यवस्था गेली, ते प्रांत गेले, ते गव्हर्नर आणि त्यांचे करारमदारहि गेले. मग हा ग्रंथ आज कां वाचावा? त्यानें विचारलेला प्रश्न अजून गेलेला नाहीं, हें आमचें उत्तर आहे. आणि आम्ही ज्या जिल्ह्याच्या दृष्टीनें तो वाचला त्या बुलढाणा जिल्ह्यांत तर तो प्रश्न दर चारपांच वर्षांनीं उंबरठ्यावर येऊन उभा राहतो.

प्रथम ग्रंथाचा सारांश देतों. १८३३ च्या सनदी कायद्यानें देशाच्या सर्व पैशाची किल्ली कलकत्त्याच्या सरकारच्या कमरेला बांधली गेली. प्रांतांनीं खर्चावें आणि मध्यवर्ती सरकारनें पुरवावें असा तो प्रकार होता. खर्चणाऱ्याला उत्पन्नाची काळजी नाहीं आणि पुरवणाऱ्याला गरजेची माहिती नाहीं, मग जो प्रांत मोठ्यानें ओरडेल त्याच्या पदरांत अधिक पडावें हें ओघानेंच आलें. या गोंधळांतून हळूहळू प्रांतिक जमाखर्च कसा आकारास आला याच्या डॉ. आंबेडकरांनीं तीन पायऱ्या दाखविल्या आहेत. पहिली १८७१ पासूनची. तींत प्रांतांना ठराविक रक्कम नेमून दिली जाई. दुसरी १८७७ पासूनची. तींत कांहीं उत्पन्नाच्या बाबी प्रांतांकडे सोंपविण्यांत आल्या. तिसरी १८८२ पासून १९२१ पर्यंतची. तींत उत्पन्नाची वांटणी मध्यवर्ती सरकार आणि प्रांत यांच्यांत होऊं लागली. नेमणूक, सोंपणूक आणि वांटणी या तीन शब्दांत अर्ध्या शतकाचा इतिहास त्यांनीं बांधून दाखविला आहे. पसरलेल्या दप्तरांतून अशी सुरेख त्रिसूत्री काढणें हें सामान्य बुद्धीचें काम नव्हे, आणि एका तरुण विद्यार्थ्यानें कोलंबिया विद्यापीठासाठीं लिहिलेला हा प्रबंध आहे हें ध्यानीं घेतलें म्हणजे तर आदर दुणावतो.

या कथेंतील पहिल्या पायरीचा पुरुष म्हणजे व्हाइसरॉय लॉर्ड मेयो. १४ डिसेंबर १८७० च्या त्याच्या ठरावानें तुरुंग, पोलीस, शिक्षण, वैद्यकीय व्यवस्था, रस्ते, इमारती हीं खातीं प्रांतांकडे गेलीं आणि त्यांच्यासाठीं ठराविक रक्कम नेमण्यांत आली. हाच मेयो त्याच वर्षीं आमच्या जिल्ह्यांत येऊन गेला होता. जलंबपासून खामगांवपर्यंतचा सुमारें आठ मैलांचा लोहमार्ग १८७० मध्यें सुरू झाला, त्या समारंभासाठीं तो खामगांवास आला. शिक्षण आणि वैद्यक यांचें ओझें ज्या हातानें प्रांतांच्या डोक्यावर ठेवलें त्याच हातानें खामगांवच्या कापसाला मुंबईची वाट मोकळी करून दिली, हा योगायोग ग्रंथांत नाहीं. पण वऱ्हाडांत बसून वाचणाऱ्याला तो चुकवितां येत नाहीं. कारण तेजीमंदीचें चक्र याच वाटेनें आमच्या जिल्ह्यांत शिरलें.

अमेरिकेंत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध चाललें तेव्हां तिकडचा कापूस अडला आणि मँचेस्टरच्या गिरण्यांचे डोळे वऱ्हाडकडे वळले. कापसाला न भूतो असा भाव आला. पायनघाटांतील पूर्णेच्या खोऱ्यांतील काळ्या जमिनींत ज्वारी मागें सरली आणि कापूस पुढें आला. युद्ध संपतांच १८६५ सालीं मुंबईचे सट्टेवाले बुडाले आणि भाव खालीं आले. परंतु लोहमार्ग आला होता, पेठ बसली होती, आणि शेतकऱ्याचें पोट लिव्हरपूलच्या भावाला बांधलें गेलें होतें. त्यापूर्वीं वऱ्हाडी कुणब्याला पाऊस हा एकच धनी होता. आतां दोन झाले. एक आभाळांत, दुसरा समुद्रापलीकडे. आणि दोघांपैकीं एकाचीहि मर्जी सांभाळणें त्याच्या हातीं नव्हतें.

तेजीच्या वर्षांत सरकारच्या पदरीं जो पैसा पडला त्याचें काय झालें, हा येथें विचारावयाचा खरा प्रश्न होय. वऱ्हाडचा हिशेब इतर प्रांतांहून निराळा होता. १८५३ च्या तहानें हा मुलूख निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यांत आला तो हैदराबादच्या कंटिन्जंट फौजेच्या खर्चासाठीं. मुलुखाचें उत्पन्न प्रथम फौजेकडे जावें, कारभाराचा खर्च भागावा, आणि शिल्लक राहील ती निजामास द्यावी असा तो व्यवहार. १९०२ सालीं वार्षिक २५ लाख रुपये ठरवून कायमचा पट्टा झाला आणि १९०३ पासून वऱ्हाडचा कारभार मध्यप्रांताला जोडला गेला. म्हणजे ज्या काळांत कापसानें पैसा दिला त्या काळांत त्या पैशाचा एक भाग वऱ्हाडच्याच वाईट दिवसांसाठीं बाजूला टाकावा, अशी तजवीज कोणत्याच कागदांत नव्हती. सुगीच्या दिवसांत कणगी भरावी हें ज्ञान खेड्यांतल्या म्हातारीला असतें. तें दोन दरबारांच्या तहनाम्यांत उतरलें नाहीं.

आतां ग्रंथाच्या मर्माकडे येऊं. डॉ. आंबेडकरांचा मुख्य प्रश्न असा: थैली कोणाच्या हातीं असावी आणि तिचा जाब कोणीं कोणास द्यावा? या प्रश्नाचें त्यांनीं केलेलें विवेचन आजहि जुनें वाटत नाहीं. परंतु बुलढाण्याहून पाहणाऱ्याला दुसरा एक प्रश्न सुचतो: ती थैली उघडावयाची केव्हां? आणि त्यांच्याच त्रिसूत्रीला हा प्रश्न विचारून पाहिला तर जें उत्तर मिळतें तें विचार करावयास लावणारें आहे.

ठराविक नेमणूक घ्या. पाऊस पडो वा न पडो, कापसाला भाव येवो वा न येवो, रक्कम तीच. वाईट वर्षीं दवाखान्याच्या दारांत गर्दी तिप्पट झाली तरी औषधाचा पैसा तेवढाच. सोंपविलेलें उत्पन्न घ्या. अबकारी आणि मुद्रांक यांचें उत्पन्न लोकांच्या हातांतील पैशावर अवलंबून. लोकांचा हात आखडला कीं प्रांताचा हात आखडतो. वांटणी घ्या. सारा सुटला किंवा तहकूब झाला म्हणजे वांटणीचा हिस्साहि गेला. तात्पर्य, पहिल्या पद्धतींत खर्च दुष्काळाकडे पाहतच नाहीं, आणि पुढच्या दोन पद्धतींत तो पाहतो पण पाठ फिरविण्यापुरता. गरज वाढते त्याच वर्षीं पैसा घटतो. यालाच आपल्याकडे दुष्काळांत तेरावा महिना म्हणतात.

वांटणीच्या पद्धतींत आणखी एक खोंच होती. दर पांच वर्षांनीं करार नवा होई आणि प्रांताजवळ शिल्लक दिसली कीं ती मध्यवर्ती सरकारच्या नजरेस येई. काटकसर करणाऱ्याची शिल्लक जावी आणि उधळ्याचें कांहीं जाऊं नये, असा हा न्याय. मग प्रांतांनीं करार संपण्यापूर्वीं हात मोकळा सोडावा यांत नवल तें काय? चांगल्या दिवसांत साठवावें आणि वाईट दिवसांत खर्चावें हा शहाणपणा ज्या व्यवस्थेंत दंडास पात्र ठरतो ती व्यवस्था हिशेबाला कितीहि चोख असली तरी मनुष्याच्या उपयोगाची नव्हे.

एक अपवाद मात्र मान्य केला पाहिजे. १८७६-७८ च्या भयंकर दुष्काळानंतर १८८० सालीं दुष्काळ कमिशननें अहवाल दिला आणि पुढें प्रांतोप्रांतीं दुष्काळ-संहिता तयार झाल्या. त्यांत दोन गोष्टी खरोखर नव्या होत्या. काम मागावयास येईल त्याला काम द्यावें, आणि मजुरी धान्याच्या भावाशीं जोडावी. धान्य महागलें कीं मजुरी वाढे. म्हणजे गरज वाढेल तसा खर्च आपोआप वाढावा, वरिष्ठांच्या दयेची वाट पाहावी लागूं नये, हें तत्त्व साम्राज्याच्या दप्तरांत एका कोपऱ्यांत कां होईना, शिरलें. पण त्याला कडेकोट कुंपण होतें. मजुरी जेमतेम जीव धरण्याइतकी, आणि काम कठीण. उपाशी मनुष्याच्या उपासाची परीक्षा पाहिल्यावांचून सरकारचा विश्वास बसत नसे. शिवाय १८७८ पासून दरसाल दीड कोट रुपये दुष्काळाच्या विम्यासाठीं म्हणून बाजूला काढावयाचे ठरले, त्यासाठीं कर बसले. परंतु तो पैसा सर्वस्वीं त्या कामीं लागला नाहीं, आणि अफगाण युद्धाच्या खर्चाकडे बोट दाखवून आपल्या पुढाऱ्यांनीं त्याबद्दल वर्षानुवर्षें तक्रार केली. १८९९-१९०० मध्यें वऱ्हाडावर घाला आला तेव्हां कापसाच्या तेजीचा पैसा बुलढाण्याच्या कोणत्याहि गांवीं साठलेला नव्हता. जिल्हा तहान लागल्यावर विहीर खणूं लागला.

पुढें १९२९ ची जागतिक मंदी आली. कापसाचा भाव कोसळला, सारा आणि सावकार मात्र जागच्या जागीं राहिले. सरकारनें काय केलें? काटकसरीच्या समित्या नेमल्या, १९३१ अखेर नोकरांचे पगार दहा टक्क्यांनीं कापले, आणि बांधकामें थांबविलीं. त्या काळच्या अर्थपंडितांना यांत कांहीं वावगें वाटलें नाहीं. घरांत मिळकत कमी झाली तर गृहिणी खर्च कमी करते, तसेंच सरकारनें करावें असा त्यांचा दृष्टांत होता. १९३६ सालीं केन्स यांचा सुप्रसिद्ध ग्रंथ निघाला आणि या दृष्टांतांतील फसगत उघडी पडली. एका घरानें खर्च कमी केला तर त्या घराची शिल्लक वाढते. पण सर्वच घरांनीं एकाच वेळीं हात आखडला तर एकाची काटकसर ती दुसऱ्याची बेकारी होते. आणि अशा वेळीं सरकारनेंहि हात आखडला तर खर्चणारा उरतच नाहीं. डॉ. आंबेडकरांचा ग्रंथ त्यापूर्वीं अकरा वर्षें निघाला होता. त्यामुळें त्यांत हा विचार नाहीं म्हणून त्यांना दोष देणें अन्यायाचें होईल. आम्ही उणीव दाखवितों ती ग्रंथकाराची नव्हे, त्या युगाच्या अर्थशास्त्राची.

या उणिवेला उत्तर मिळालें तें विलायतेंत नव्हे, महाराष्ट्रांत. विधानपरिषदेचे अध्यक्ष वि. स. पागे यांनीं १९६५ च्या सुमारास सांगली जिल्ह्यांतील तासगांव तालुक्यांत एक प्रयोग आरंभिला: जो प्रौढ मनुष्य अंगमेहनतीचें काम मागेल त्याला तें द्यावयाचें. १९७२ मध्यें ही योजना राज्यभर जाहीर झाली आणि त्याच वर्षीं पाऊस रुसला. बहात्तरचा दुष्काळ ज्यांनीं पाहिला त्यांना खडी फोडणाऱ्या बायकांच्या रांगा, पाझर तलाव, नाला बांध, सुकडी आणि लाल मिलो यांची वेगळी आठवण देण्याचें कारण नाहीं. मे १९७३ मध्यें राज्यांत सुमारें पन्नास लाख माणसें कामावर होतीं. १९७७ सालीं रोजगार हमीचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अंमलांत आला.

या कायद्याची थोरवी आमच्या मतें दोन गोष्टींत आहे. पहिली, थैली उघडण्याचा अधिकार थैली धरणाऱ्याकडून काढून तो काम मागणाऱ्याच्या हातीं दिला गेला. मंत्रालयांत बसून मंदी आली कीं नाहीं याचा खल करावयाचा नाहीं. मेहकरच्या किंवा लोणारच्या मजुरानें अर्ज केला म्हणजे मंदी आली असें समजावयाचें. दुसरी गोष्ट पैशाच्या झऱ्याची. १९७५ च्या कायद्यानें व्यवसाय कर बसला. पगारदार, व्यापारी, वकील, डॉक्टर यांच्यापासून तो घ्यावयाचा आणि राज्यानें तितकीच भर घालून रोजगार हमीचा निधि उभारावयाचा. मुंबईच्या कचेरींतील कारकुनाचा पगार बुलढाण्याच्या पावसावर अवलंबून नसतो. त्यामुळें पाऊस गेला म्हणजे झरा आटत नाहीं. डॉ. आंबेडकरांच्या त्रिसूत्रींत ज्या दोन गांठी सुटत नव्हत्या त्या येथें एका साध्या कायद्यानें सोडविल्या. खर्च गरजेला बांधला, आणि उत्पन्न गरजेपासून सोडविलें.

व्यवहारांत सर्व गोड झालें असें आमचें म्हणणें नाहीं. काम मागूनहि उघडत नाहीं, उघडलें तर मजुरी वेळेवर मिळत नाहीं, हजेरीपटावर भलतींच नांवें दिसतात, या तक्रारी जुन्या आहेत आणि त्यांत तथ्यहि आहे. पुढें पुढें तर कर पुरा वसूल व्हावा आणि कामावरचा खर्च मात्र त्याच्या मानानें घटावा, अशी स्थिति आली. तेव्हां १८७८ च्या दुष्काळ-विम्याची आठवण झाल्यावांचून राहत नाहीं. परंतु हे दोष अंमलाचे आहेत, तत्त्वाचे नव्हेत. २००५ सालीं संसदेनें साऱ्या देशासाठीं ग्रामीण रोजगार हमीचा कायदा केला आणि वर्षाला शंभर दिवसांची हमी दिली, त्याची आई महाराष्ट्राची हीच योजना होय.

येथें तेजी आणि मंदी हे शब्द आपण कोणाच्या तोंडचे घेतों हेंहि तपासलें पाहिजे. २००५ ते २००८ हीं वर्षें देशाच्या तेजीचीं. त्या वेळच्या सरकारी आंकड्यांप्रमाणें राष्ट्रीय उत्पन्न दरसाल नऊ टक्क्यांच्या आसपास वाढत होतें. त्याच वर्षांत वऱ्हाडांत शेतकऱ्यांच्या आत्महत्यांनीं घरें ओस पडत होतीं. जुलै २००६ मध्यें पंतप्रधान मनमोहन सिंग यांनीं विदर्भाच्या सहा जिल्ह्यांसाठीं ३,७५० कोट रुपयांची मदत जाहीर केली. त्या सहांत बुलढाणा होता. तींतले २,१७७ कोट पाटबंधाऱ्यांसाठीं होते आणि ७१२ कोट थकलेल्या व्याजाच्या माफीसाठीं. पाटबंधारे पाहिजेतच, याविषयीं वाद नाहीं. पण धरण पुरें होण्यास लागणारीं वर्षें आणि सावकाराची मुदत यांचा मेळ कसा बसावा? आलेली मंदी ही कापसाची होती, देशाची नव्हती; म्हणून दिल्लीच्या भारमापकांत ती दिसली तीच मुळीं उशिरा. २००८ च्या कर्जमाफींतहि पूर्ण माफीस दोन हेक्टरांची मर्यादा होती. जिरायत जमीन अंमळ अधिक पण पीक कमी, अशा आमच्या भागांतील कित्येकांना ती मर्यादा नडली. बारामाही पाण्याचे दोन हेक्टर आणि खारपाणपट्ट्यांतील दोन हेक्टर यांना एकाच मापानें मोजणें म्हणजे साखर आणि माती एकाच तागडींत घालणें होय.

याच्या उलट प्रकार २०२० सालीं झाला. महामारीमुळें सर्वत्र व्यवहार थांबले. ४ मे २०२० रोजीं राज्याच्या वित्त विभागानें ठरविलें कीं खात्यांनीं अंदाजपत्रकाच्या ३३ टक्केच खर्च हिशेबीं धरावा. आरोग्य, मदत व पुनर्वसन, अन्नपुरवठा अशा निकडीच्या खात्यांना अग्रक्रम मिळाला, बाकीच्यांचा हात बांधला गेला. त्याच महिन्यांत केंद्रानें रोजगार हमीच्या ६१,५०० कोटींच्या तरतुदींत ४०,००० कोटींची भर घातली, आणि वर्षअखेरच्या सुधारलेल्या अंदाजांत तो आंकडा १,११,५०० कोटींवर गेला. एकाच संकटांत एक सरकार हात आखडतें आणि दुसरें मोकळा सोडतें, हें कां? राज्यकर्त्यांच्या अंतःकरणांतील फरकानें याचा उलगडा होत नाहीं. तो होतो डॉ. आंबेडकरांच्या ग्रंथानें. केंद्राला कर्ज काढण्याची मुभा मोठी, राज्याला राज्याच्या उत्पन्नाच्या तीन टक्क्यांची वेस. त्या वर्षीं ती पांच टक्क्यांपर्यंत वाढविली खरी, पण बऱ्याचशा वाढीला अटी होत्या. शाळा, दवाखाने, मजुरी हीं कामें राज्याच्या माथीं, आणि वाईट दिवसांत कर्ज काढण्याची शक्ति केंद्राच्या हातीं. १८७० मध्यें मेयोनें ओझें आणि थैली यांची जी ताटातूट केली ती दीडशें वर्षांनींहि पुरती मिटलेली नाहीं.

या पार्श्वभूमीवर डिसेंबर २०२५ मध्यें संसदेनें मंजूर केलेला नवा ग्रामीण रोजगाराचा कायदा वाचला पाहिजे. २००५ च्या कायद्याची जागा घेण्यासाठीं तो करण्यांत आला. त्यांत दिवस शंभरांचे एकशें पंचवीस केले आहेत, आणि ही वाढ आम्ही मोकळ्या मनानें मान्य करितों. परंतु पूर्वीं अकुशल मजुरीचा सर्व भार केंद्रावर असे. नव्या कायद्यानें महाराष्ट्रासारख्या राज्यांत खर्चाची वांटणी साठ आणि चाळीस अशी ठरविली आहे. शिवाय प्रत्येक राज्यासाठीं केंद्र दरसालची रक्कम ठरवून देणार, आणि तीपेक्षां अधिक खर्च झाला तर तो राज्यानें सोसावयाचा. डॉ. आंबेडकरांचा ग्रंथ वाचून उठलेल्या वाचकाला हा प्रकार ओळखीचा वाटेल. ही १८७१ ची नेमणूक आहे. कागदावर दिवस वाढले. पण ज्या वर्षीं पाऊस जाईल आणि खामगांवच्या बाजारांत कापूस पडेल भावानें जाईल, त्या वर्षीं नेमलेली रक्कम संपल्यावर पुढचा प्रत्येक दिवस आधींच आटलेल्या राज्याच्या तिजोरींतून निघावयाचा आहे. हमी मजुराला आणि जोखीम राज्याला, अशी ही विभागणी आहे. जोखीम पेलण्याची शक्ति ज्याच्या अंगीं कमी त्याच्या खांद्यावर ती ठेवली म्हणजे हमीचें काय होतें, हें त्रिसूत्रीच्या इतिहासांत लिहिलेलेंच आहे.

यावर एक सबळ आक्षेप येईल आणि त्याला उत्तर देणें आमचें कर्तव्य आहे. आक्षेपक म्हणेल कीं मागेल त्याला पैसा असें म्हणत गेलें तर तिजोरीला तळ राहणार नाहीं. वाईट वर्षीं काढलेलें कर्ज चांगल्या वर्षीं कोणी फेडीत नाहीं. आणि महाराष्ट्रानें कापूस एकाधिकार खरेदी योजनेंत हा धडा एकदां घेतलेला आहे. खरें आहे. १९७२ मध्यें सुरू झालेल्या त्या योजनेचा हेतु शेतकऱ्याला भावाच्या चढउतारापासून वांचविण्याचाच होता. पण पुढें बाजारभावाहून अधिक भाव वर्षामागून वर्ष दिला गेला, तोटा सांचला आणि २००२ पासून एकाधिकार मोडला. परंतु या उदाहरणांतून निघणारा धडा आक्षेपक समजतो तो नव्हे. ती योजना वाईट वर्षीं खर्चल्यामुळें बुडाली नाहीं. चांगल्या वर्षीं न साठविल्यामुळें बुडाली. भाव ठरवितांना हवामानाऐवजीं निवडणुकीकडे पाहिलें कीं चढउताराचा निधि हें केवळ नांव उरतें. रोजगार हमीची गोष्ट वेगळी. चांगल्या वर्षीं शेतांत बरी मजुरी मिळत असतां खडी फोडावयास कोणी हौसेनें येत नाहीं. त्यामुळें तेजी आली कीं हा खर्च आपोआप उतरतो. त्याला थोपविण्यास अर्थमंत्री लागत नाहीं, सुगी पुरते.

निवडणुकीचें नांव निघालेंच आहे म्हणून आणखी एक शब्द. जून २०२४ च्या अंदाजपत्रकांत राज्यानें गरीब कुटुंबांतील स्त्रियांना दरमहा दीड हजार रुपये देण्याची योजना जाहीर केली आणि नोव्हेंबरांत विधानसभेची निवडणूक झाली. बायकांच्या हातीं स्वतःचा रोख पैसा येणें ही गोष्ट आम्हांस वाईट वाटत नाहीं. उलट घरांत औषध आणि वह्या त्या पैशानें येतात हें आम्ही जाणतों. पण रक्कम ठराविक आहे; ती सुगींत तेवढीच आणि दुष्काळांतहि तेवढीच. हा मोठा खर्च कायमचा अंगीं लागल्यावर वाईट वर्षीं वाढावयास तिजोरींत जागा किती उरेल, हा प्रश्न योजनेच्या मित्रांनींच प्रथम विचारावयास पाहिजे. सरकारच्या खर्चाला तीन घड्याळें असूं शकतात: उत्पन्नाचें, निवडणुकीचें आणि गरजेचें. पहिलें मंदींत मागें पडतें, दुसरें पांच वर्षांनीं एकदां ठोके देतें. मजुराच्या वेळेबरोबर चालणारें घड्याळ तिसरेंच.

आतां ग्रंथाविषयीं आमचा अभिप्राय. डॉ. आंबेडकरांचें लेखन कोरडें आहे, पण तें ज्या कारणानें कोरडें आहे तें कारण आदरणीय आहे. दुष्काळ आणि दारिद्र्य यांविषयीं अश्रु गाळणारे लेखक त्या काळींहि पुष्कळ होते. अश्रूंचा हिशेब कोणत्या खात्यांत पडतो हें दाखविणारे थोडे. गरिबाचें भवितव्य अंदाजपत्रकाच्या रचनेंत ठरतें, भाषणांत नव्हे, हें त्यांनीं तारुण्यांतच ओळखलें होतें. ज्यानें पुढें देशाची घटना लिहिण्याच्या कामीं अग्रभागीं राहावयाचें होतें त्याची ही पूर्वतयारी होती, अशा दृष्टीनेंहि हा ग्रंथ वाचण्याजोगा आहे. त्यांत केव्हां हा प्रश्न नाहीं, ही उणीव आम्हीं दाखविली. परंतु त्या प्रश्नाचें उत्तर शोधावयास लागणारें हत्यार त्यांनींच आपल्या हातीं दिलें आहे, हेंहि सांगितलें पाहिजे.

बुलढाण्याच्या वाचकाला आमची एवढीच विनंति आहे. पुढील वाईट वर्ष येईल. केव्हां तें कोणासच सांगतां येत नाहीं, पण येईल हें निश्चित. त्या वर्षीं तहसिलींत कामाचा अर्ज घेऊन गेलेल्या बाईला रक्कम संपली असें उत्तर मिळालें तर तें उत्तर देणाऱ्या कारकुनावर रागावूं नये. तो बिचारा नेमणुकीचा शेवटचा हिशेबनीस आहे. ती नेमणूक कोणीं केली, कोणत्या वर्षीं केली, आणि ती करतांना आपले प्रतिनिधि कोणत्या बाजूला बसले होते, हें विचारावें. आणि तें वाईट वर्ष येण्याच्या आधीं, कापसाला बरा भाव असतांनाच विचारावें.